‘अनफिट’चा शिक्का मारण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कबड्डीच्या मैदानावर कोसळलेल्या मुलाबद्दल गेल्या आठवड्यात आपण अग्रलेख लिहिलात, बरं केलंत. एरवी अशी बातमी तालुक्याच्या पानावर चार ओळींत येते आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी आंब्याचा भाव असतो. पण त्यातल्या एका वाक्याशी मला भांडायचं आहे. प्रत्येक खेळाडूचा ईसीजी काढावा आणि ज्याच्या हृदयात दोष आढळेल त्याला मैदानात उतरू देऊ नये, असं आपण म्हणता. पूर्वार्ध कबूल. उत्तरार्ध वाचला आणि समोर गिऱ्हाईक उभं असताना मी पेपर घडी करून गल्ल्याखाली सारला. तसा दोष माझ्या मुलीत आहे, हृदयाच्या विजेचा, लांबलेला क्यूटी म्हणतात त्याला, आणि ती कबड्डी खेळते.

देवगड तालुक्यात आमचं औषधांचं दुकान आहे. काउंटरवर मी, उधारीची वहीही माझ्याकडे. यजमानांची हापूसची कलमं आहेत, त्यामुळे मार्च ते मे ते दुकानाकडे फिरकत नाहीत.

मुलगी पाचवीत असतानाची गोष्ट. मे महिना, वाडीतली विहीर, भावंडांची झुंबड. ही चांगली पोहायची. वरच्या पायरीवरून सूर मारला, चार हात मारले आणि मध्येच थांबली. पोरांना वाटलं, मस्करी करते. मोठ्या दिरांनी कपड्यांनिशी उडी टाकून बाहेर काढली तेव्हा हातपाय झटके देत होते. पोटातलं पाणी काढायला पालथी घातली, तर पाणी फारसं निघालंच नाही, आणि मिनिटा-दोन मिनिटांत तिनं आपणहून डोळे उघडले. सासूबाई म्हणाल्या, “पाण्यान वढल्यान तिका.” विहिरीला नारळ दिला. डॉक्टरांकडे नेलं, तर ते म्हणाले फिट, म्हणजे आकडी. डोक्याचा ईईजी निघाला, तो स्वच्छ आला, तरी गोळ्या सुरू झाल्या. छातीचा ईसीजी काढावा असं कुणाला सुचलं नाही, मलाही नाही. दोन वर्षं मी माझ्याच दुकानातल्या फडताळातून तिला फिटच्या गोळ्या काढून दिल्या. लांबलेल्या क्यूटीच्या कितीतरी रुग्णांवर आधी असा फिटचा शिक्का बसतो, हे पुढे कळलं.

दहावीच्या वर्षी निवड शिबिरात एकदाचा ईसीजी निघाला. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात मशिननं छापलं होतं: क्यूटीसी 492. शिबिरातले डॉक्टर म्हणाले, “मशिन काहीही छापतं हो,” आणि ‘खेळण्यास योग्य’वर सही झाली. क्यूटी हा शब्द मी 2020 साली शिकले होते. करोनात लोक हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि अझिथ्रोमायसिन रांगा लावून मागत होते, आणि या दोन्ही औषधांनी क्यूटी लांबतो, ती एकत्र देताना जपा, अशा सूचना आम्हा औषधविक्रेत्यांच्या मोबाइलवर रोज येऊन पडत होत्या. एका ठोक्यानंतर हृदयातली वीज पुन्हा जागेवर यायला जो वेळ लागतो, तो क्यूटी. त्यात नाडीच्या वेगाचा हिशेब घातला की क्यूटीसी, मिलिसेकंदांत. तो फार लांबला आणि नेमका त्याच वेळी पुढचा ठोका येऊन आदळला, तर ताल बिघडतो, रक्त पुढे जात नाही आणि माणूस काही सेकंदांत खाली येतो. बहुतेकदा ताल आपोआप सावरतो, विहिरीतून बाहेर काढलेल्या माझ्या मुलीचा सावरला तसा. कधी सावरत नाही.

आता दाखल्याबद्दल. तो कसा मिळतो हे औषधाच्या दुकानदाराला विचारा, सगळे कागद आमच्याच काउंटरवर भरले जातात. बारा मुलींचे दाखले एका गठ्ठ्यात जातात, शंभर-शंभर रुपये बसतात, आणि स्टेथोस्कोप गळ्यातून कानापर्यंत जायच्या आत सह्या होतात. हा एक प्रकार. दुसरा आम्ही मुलीचा आजार लपवायचा नाही असं ठरवल्यावर पाहिला. स्पर्धेच्या आयोजकांनी घरी येऊन, चहा घेऊन, अगदी अदबीनं सांगितलं, “वयनी, उद्या काय झाला तर आमच्यार केस येतली.” त्यांचा राग मी धरला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही घाबरले असते. पण काल बारा जणींत न बघता ‘फिट’ ठरलेली मुलगी आज एका आकड्यावरून, तिला न बघताच, ‘अनफिट’ झाली होती. बघितलं कुणीच नव्हतं.

बघणारे डॉक्टर मुंबईला भेटले. कणकवलीहून रात्रीची कोकणकन्या धरून आम्ही तिघं गेलो. हे डॉक्टर हृदयाच्या फक्त विजेचं काम बघतात, नळ तुंबले की नाही ते दुसरे बघतात. त्यांनी कंपासपेटीतलं कर्कटक घेतलं, एक टोक आलेखातल्या लाटेच्या सुरुवातीला टेकवलं, दुसरं शेवटाला, आणि बारीक चौकोन मोजले. अकरा भरले. एक चौकोन 40 मिलिसेकंदांचा, म्हणजे 440. नाडीच्या वेगाचा हिशेब घालून 482. मशिनपेक्षा दहानं कमी, पण 480 च्या वर म्हणजे हसण्यावारी नेण्यासारखं नाही, हे त्यांनी सांगितलं.

मग बराच वेळ नुसते प्रश्न. घेरी आली तेव्हा काय चाललं होतं? पळताना, पोहताना? गजर किंवा फोन अचानक वाजल्यावर कधी डोळ्यांपुढे अंधारी? झोपेत कधी विचित्र आवाज? हे प्रश्न उगाच नव्हते. या आजाराच्या पहिल्या प्रकारात पळणं आणि विशेष करून पोहणं घात करतं, दुसऱ्यात अचानक आवाज, तिसऱ्यात झोप. नंतर विचारलं, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं का? मी नाही म्हणाले. “बुडून वगैरे?” यजमान तोवर खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांनी मान वळवली.

त्यांचा धाकटा भाऊ 22 व्या वर्षी खाडीत गेला होता. माझ्या लग्नाआधीची गोष्ट. पट्टीचा पोहणारा, ओहोटी लागलेली, पाणी छातीइतकं. पट्टीचा पोहणारा बुडाला ही आमच्या किनाऱ्यावर इतकी नेहमीची कहाणी आहे की तिचं कारण कुणी विचारत नाही. भोवरा म्हणायचं, कुणी जाणतं माणूस त्या जागेच्या राखणदाराचं, जागेवाल्याचं, नाव घ्यायचं, विषय संपला. त्याचा ईसीजी आता काढता येणार नाही. यजमानांचा काढला. काठावरचा आला, आणि रक्तातल्या जनुकाच्या तपासणीत बापलेकीचं एकच निघालं, पहिला प्रकार. त्यांना आयुष्यात एकदाही घेरी आलेली नाही, हेही याच आजारातलं. आई-बापांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. पण अंगात असणं वेगळं आणि उठणं वेगळं.

मुलीला ट्रेडमिलच्या पट्ट्यावर पळवलं. खरी गंमत पळताना नाही, थांबल्यावर दिसते. चौथ्या मिनिटाला नाडी उतरते पण क्यूटीसी उतरत नाही, आलेखात तो तसाच ताणलेला दिसतो. सोनोग्राफीत हृदयाचा आकार, पडदे, स्नायू सगळं नीट. मग हृदयाचा वेग आवरणारी प्रोप्रानोलॉल ही गोळी सुरू झाली, तीन महिने खेळ बंद, आणि गोळीवर असताना पुन्हा पट्टा. औषधविक्रेती म्हणून एक सांगते: या गोळीनं 482 चे 420 होत नाहीत. आकडा बहुतेक तिथंच राहतो, पहिल्या प्रकारात धोका मात्र खाली येतो. दर महिन्याला ईसीजी काढून आकडा हलला नाही म्हणून गोळी सोडणारे लोक असतात, त्यांच्यासाठी लिहिलं. (हीच गोळी नेमबाजांना आणि तिरंदाजांना डोपिंगच्या नियमांत बंद आहे, हात थरथरू देत नाही म्हणून. कबड्डीला ती अडचण नाही.)

खेळायचं की नाही, हा प्रश्न आला तेव्हा डॉक्टरांनी खुर्ची वळवून तिच्याकडे तोंड केलं. आमच्याकडे नाही. “तुला काय करायचंय?”

“चढाई.”

“आणि पोहायचं?”

“नको. तेव्हापासून मी विहिरीत वाकूनपण बघत नाही.”

मग त्यांनी जे सांगितलं ते मला अग्रलेखाच्या उत्तरात सांगायचं आहे. 2005 साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या परिषदेनं एक तक्ता केला होता, कुठल्या हृदयाला कुठला खेळ चालेल याचा. आमच्या मुलीसारखीला त्यातला सगळ्यात हलका चौकोन मिळायचा: बिलियर्ड्स, गोल्फ, नेमबाजी आणि, विश्वास ठेवा, क्रिकेट. तो तक्ता करणाऱ्यांनी मे महिन्यात आमच्या कातळावरची टेनिस बॉलची स्पर्धा पाहिलेली नसावी. कबड्डीचं नाव त्यात नाहीच, कुस्ती आहे, ती अर्थातच वरच्या चौकोनात. पुढे 2012 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं आपल्याच रुग्णांचा हिशेब मांडला. लांब क्यूटीचं निदान होऊनही 130 जण उपचार घेत खेळत राहिले होते. खेळाशी जोडलेला प्रसंग त्यांतल्या एकावर आला. 2015 मध्ये अमेरिकेची भूमिका सैल झाली: उपचार चालू असतील आणि तीन महिने त्रास नसेल, तर सगळी काळजी घेऊन विचार करायला हरकत नाही. 2020 ची युरोपची भूमिका मात्र कडक: जनुकाची खात्री झालेली आणि 480 च्या वरची मुलगी, तर गोळी घेत असली तरी जोराची स्पर्धा नको. म्हणजे माझी मुलगी एका खंडात खेळू शकते आणि दुसऱ्यात नाही. डॉक्टरांनी दोन्ही गोष्टी तिच्यापुढे ठेवल्या. धोका शून्य होणार नाही, हे तिला ऐकू येईल असं दोनदा सांगितलं. महिनाभर विचार करा म्हणाले.

हे हवेतलं वाटत असेल तर डेन्मार्कचा फुटबॉलपटू एरिक्सन आठवा. 12 जून 2021, कोपनहेगन, डेन्मार्क विरुद्ध फिनलंड. पहिला हाफ संपत आला असताना तो गडी कुणाचा धक्का न लागता पडला, मैदानावरच छाती दाबली, शॉक दिला, माणूस परत आला. ताल बिघडला की आतूनच शॉक देणारं यंत्र छातीत बसवलं. इटलीच्या नियमात तसं यंत्र असलेल्याला खेळता येत नाही, म्हणून त्या डिसेंबरात तिथल्या इंटर क्लबचा करार संपला. जानेवारी 2022 मध्ये इंग्लंडच्या ब्रेंटफर्डनं त्याला घेतलं, पुढे मँचेस्टर युनायटेडनं, आणि 2024 च्या युरो स्पर्धेत डेन्मार्कच्या पहिल्याच सामन्यात त्यानं गोल केला. तेच हृदय आणि तेच यंत्र, विमानाने दोन तास इकडे-तिकडे.

इटलीचं उदाहरण आपणही दिलंत आणि आकडे बरोबर दिलेत: 1982 च्या कायद्यानं तिथं स्पर्धक खेळाडूला ईसीजीसह तपासणी सक्तीची झाली आणि व्हेनेतो भागात खेळाडूंच्या अचानक मृत्यूचं प्रमाण लाखामागे वर्षाला 3.6 वरून 0.4 वर आलं. पण त्याच अभ्यासातली पुढची ओळ आपण घेतली नाहीत. पादुआ गावी 42,386 खेळाडू तपासले, त्यांतल्या 3,914 जणांना पुढच्या तपासण्यांना पाठवलं, आणि शेवटी मनाई केली ती 879 जणांना. म्हणजे शंभरांत नवांच्या कागदावर काहीतरी शंका निघाली आणि त्या नवांपैकी सात जण तपासून पुन्हा मैदानात गेले. आपल्या वाक्याप्रमाणे चाललो तर ते सातही घरी बसतात. आणि आमच्याकडे मुलगी एकदा घरी बसली की बसलीच.

कुणाला थांबवूच नये असं मी म्हणत नाही. उजव्या कप्प्याच्या स्नायूचा एक आजार असा आहे की व्यायामानं तोच वाढत जातो. तिथं थांबण्याला पर्याय नाही, कितीही रडू आलं तरी. काहींचा ईसीजी निजलेला असताना अगदी स्वच्छ येतो आणि पळवल्यावरच ताल फाटतो, म्हणजे आपल्या पूर्वार्धातल्या ईसीजीनंही ते सापडणार नाहीत. याच्या उलट, विजेची एक जादा वाट घेऊन जन्मलेले काही असतात. ती मांडीतून तार घालून जाळली की बहुतेक जण काही आठवड्यांत पूर्ववत खेळतात. आणि काहींना तर काहीच झालेलं नसतं. शेजारच्या गावातल्या एका धावपटू मुलाची नाडी 46 भरली म्हणून त्याला ‘ब्लॉक आहे’ सांगून दोन महिने घरी ठेवलं होतं. रोज दहा किलोमीटर पळणाऱ्याची नाडी 46 नसेल तर कुणाची असेल? ‘हृदयात दोष’ या एका शब्दाखाली हे सगळे आपण एका गठ्ठ्यात बांधले आहेत, दाखल्यांसारखे.

आमच्या घरी काय ठरलं ते सांगते. ती खेळते. तीन महिने गुणलेखकाच्या खुर्चीत बसून ती परतली तेव्हा गोळीमुळे दम लवकर तुटायचा. पूर्वी पाच जणींत घुसायची, आता बोनस घेऊन मागे येते, आणि प्रशिक्षक सर म्हणतात की डोक्यानं खेळायला लागली. गोळीच्या वेळा तिच्या आणि कर्णधाराच्या दोघींच्या फोनवर. जुलाब-उलट्या झाल्या तर खेळ बंद, कारण अंगातलं पोटॅशियम उतरलं की क्यूटी आणखी ताणतो. तिच्या पाकिटात तिला न चालणाऱ्या औषधांचं एक कार्ड आहे आणि त्याचीच प्रत आमच्या काउंटरच्या काचेखाली: अझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, फ्लुकोनॅझोल, उलटीचं ऑनडेनसेट्रॉन, अ‍ॅसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये लपलेलं डॉम्पेरिडोन. घसा दुखतोय म्हणून दुसऱ्या गावात कुणी प्रेमानं अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्यांची पट्टी हातात ठेवली तर तिनं कार्ड दाखवायचं. कबड्डीपेक्षा मला त्या पट्टीची भीती जास्त वाटते, आणि ती पट्टी विकणाऱ्यांत मी आहे.

शॉक देणारं यंत्र, एईडी, संघाच्या सामानात असतं. लाखाच्या आसपास पडलं. निम्मे आम्ही घातले, निम्मे मुलींच्या पालकांनी आणि दोन ट्रॉलरमालकांनी. ते यंत्र स्वतःच ताल वाचतं आणि गरज नसेल तर शॉक देतच नाही, त्यामुळे दहावीची मुलगीही ते लावू शकते. फक्त पॅडची मुदत बघावी लागते आणि मे महिन्यात टेंपोत ठेवून जेवायला जाता येत नाही. 108 ची गाडी चांगली आहे, मी तिच्याबद्दल वाईट बोलणार नाही, पण शॉकशिवाय जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी कमी होते आणि आमच्या वळणांच्या रस्त्याला हा हिशेब कळत नाही. छाती दाबायला बाराही जणी शिकल्या आहेत. मिनिटाला 100 ते 120 दाबायचं, पाच सेंटिमीटर खोल. हा ताल मुलींनी ‘कबड्डी-कबड्डी’च्या दमावर बसवला आहे. काथ्याच्या उशीवर सराव करताना एक जण दाबते, दुसरी दम घालते.

मला हवं आहे ते फार नाही. दाखल्यावर ‘योग्य’ आणि ‘अयोग्य’ यांच्यासोबत तिसरा रकाना असावा: ‘तज्ज्ञाच्या तपासणीनंतर, पुढील अटींवर’. आणि सहीच्या वर दोन प्रश्न छापावेत. पळताना किंवा पाण्यात कधी शुद्ध हरपली होती का? घरात चाळिशीच्या आत कुणी अचानक गेलं का, बुडून गेलेले धरून? हे विचारायला मशिन लागत नाही. हे दोन प्रश्न कुणी पाचवीतच विचारले असते तर फिटच्या गोळ्यांची दोन वर्षं वाचली असती. ज्या स्पर्धेत डीजे आणि एलईडी पडदा परवडतो तिथं एईडी नाही म्हटल्यावर परवानगी देऊ नये, असा अग्रलेख आपण लिहिलात तर तो मी दुकानाच्या काचेवर चिकटवीन.

पत्राखाली नाव छापू नये ही विनंती. मुलगी म्हणते, छापू देत, त्यात लाजायचं काय. सासूबाई म्हणतात, पेपरात नाव आलं तर उद्या स्थळं कोण आणणार. तूर्त सासूबाईंचं ऐकलं आहे.

आपली,
एक औषधविक्रेती,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग